कॉम्प्युटरची समान वाटणी

माझ्या लांब परदेशातल्या दोघा नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात धाकट्याने फोनवर बातमी दिली की बाबा त्याला त्याचा स्वतःचा पहिला कॉम्प्युटर घेऊन देणार आहेत. रक्कम ठरलेली आहे, आणि तेवढ्यात काय काय बसवायचं हे त्याने सांगलीच्या ताईला विचारलं. ताईने सल्ला दिला, "आजीला विचार, आणि ती सांगेल त्याच्या बरोबर उलट कर." मग त्याने मला विचारलं की ती असं का म्हणाली. मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय, आणि फोन ठेवून दिला.

आवाज तुटत नव्हता. पण आता हे लिहून टाकलेलं बरं, कारण तुमची आत्या, म्हणजे ताईची आई, ही हकिगत पाहुण्यांना सांगत असते आणि तिच्या सांगण्यात मी दर खेपेला आधीपेक्षा जरा जास्त वेडी असते. माझ्या सांगण्यातही मी शहाणी निघेन असं नाही. निदान मोजकी वेडी निघेन.

ताईची दहावी झाली त्या सुट्टीतली ही गोष्ट. त्याआधी कितीतरी दिवस तुम्ही तिघं दर रविवारी एक खेळ खेळायचात, तुमच्याकडे सकाळ आणि सांगलीत संध्याकाळ असताना. तिघांनी मिळून एक अवजड पेटी डोंगरातून पलीकडे न्यायची आणि मागून येणाऱ्यांना चुकवायचं, एवढं मला कळलेलं होतं. खेळाला तीनच जागा. मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि आत्याच्या जुन्या लॅपटॉपने ती उघडायलाच नकार दिला. ताई तुम्हाला म्हणाली, दहावी आहे, अभ्यास आहे. दहावीचं कारण इतकं भरभक्कम असतं की पुढे कुणी काही विचारत नाही. परीक्षा संपली तरी तिचा रविवार रिकामाच राहिला. व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं त्या डोंगरांबद्दल बोलायचात, आणि ती "मस्त", "भारी" असं म्हणत उशीचा कोपरा कुरतडत बसायची. तिचे बाबा फौजेत, वर्षातून कधीतरी घरी. भावंडं म्हणून तुम्हीच दोघं. मी साताऱ्याहून पेढे घेऊन निकालाला गेले तेव्हा तिला विचारलं, काय हवं? ती पेढ्यांचा पुडा सोडत बसली. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिला गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय आई, पण ती मागणार नाही."

माझी एक मुदत ठेव नुकतीच पिकली होती. तेवढ्यात बसवायचं, वर एक पैसा नाही, असं मी जाहीर केलं आणि कामाला लागले.

कामाला लागणं म्हणजे वाचणं, हे तुम्हाला माहीत आहे. मी इंग्रजी शिकले, जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्यामुळे इंग्रजीत लिहिलेली कुठलीही गोष्ट वाचून समजते असा माझा ठाम समज. चष्मा पुसून मी ताईच्या शेजारी बसले आणि गेमिंग कॉम्प्युटर कसा निवडावा यावरचे लेख वाचू लागले. एकेक शब्द ओळखीचा होता. वाक्य मात्र एकही कळेना. 'बॉटलनेक' हा शब्द तर मी वर्गात शिकवलेला, अरुंद पुलावर तुंबलेल्या गाड्यांचं उदाहरण देऊन. तेच उदाहरण मी ताईला दिलं. ती म्हणाली, हो आजी, तसंच. मला वाटलं, विषय समजला.

'ग्राफिक्स कार्ड' या शब्दाने माझी पुरती फसगत केली. कार्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पातळ वस्तू येते. रेशनचं, आधारचं, लग्नाच्या आहेरावर लावायचं. अशा कार्डाला फ्रिजएवढी किंमत का पडावी? छपाईची चूक असेल म्हणून मी दुसरा लेख उघडला. तिथेही तीच चूक.

ताईने तेव्हाच सांगितलं होतं, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. "आजी, खेळातलं चित्र कार्डच काढतं, त्याच्यावर जास्त घालूया. बाकी सगळं साधं चालेल. स्क्रीनसुद्धा जुना चालेल."

आता माझी एक सवय तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा आंब्याच्या फोडी मी सारख्या करायचे आणि कोय कुणाच्या वाट्याला हे पाळीने ठरायचं. एकाला शर्ट तर सगळ्यांना शर्ट. आमच्या माहेरी जमिनीची वाटणी झाली तेव्हा बांधावरचं एक चिंचेचं झाड कुणाचं, यावरून दोन सख्खे काका कायमचे अबोला धरून बसले. त्यामुळे सारखी वाटणी हा माझ्यासाठी न्यायाचा पहिला आणि शेवटचा नियम. मी ठेवीच्या रकमेचे मनातल्या मनात सारखे वाटे केले. प्रोसेसर, कार्ड, स्क्रीन, कॅबिनेट, कीबोर्ड-माउस-हेडफोन मिळून एक, आणि खुर्ची. ताईला म्हटलं, "एकाला पोटभर आणि बाकीचे उपाशी, हे आपल्या घरात चालत नाही."

आत्या म्हणाली, "वायरींनाही सारखं दे हं आई. रुसतील."

सांगलीत बसस्टँडमागच्या गल्लीत एका पहिल्या मजल्यावर दुकान होतं. दुकानदार गप्पिष्ट. गिऱ्हाईक जिन्यावर दिसलं की चहा सांगायचा आणि मग गिऱ्हाईक उठेपर्यंत त्याला काही ना काही दाखवत राहायचं, ही त्याची रीत. त्याने ताईशी दोन मिनिटं त्यांच्या भाषेत बोलणं केलं आणि मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, गेमिंगला सगळं कार्डच खातंय बघा. खुर्ची काय गेम खेळत न्हाई."

"खेळणारी खुर्चीवरच बसते ना?" मी विचारलं.

"ते बी खरं हाय," तो म्हणाला आणि त्याच दमात त्याने खुर्च्यांची चित्रं काढली.

त्या माणसाला मी दोष देत नाही. मी जे मागितलं ते त्याने दिलं, आणि मी मागत गेले. पांढऱ्या रेक्झिनची, दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखी, झोपवता येणारी खुर्ची. कॅबिनेटला काचेची भिंत, आत इंद्रधनुष्य फिरणारे पंखे. ते पाहून मला गणपतीतल्या आराशीची आठवण झाली आणि मी ते लगेच पसंत केलं. कीबोर्डही रंग बदलणारा. हे सगळं आपापला वाटा घेऊन बसल्यावर कार्डाच्या वाट्याला त्याचा वाटा आला. त्या रकमेत बसणारं लहानसं कार्ड त्याने खोक्यातून काढलं, तर ते तरीही विटेच्या आकाराचं. एवढं मोठं असूनही ताईला पुरत नाही म्हणजे काय, असं मी मनात म्हटलं.  ताई माझी पर्स धरून उभी होती.

घरी सगळं जोडून झाल्यावर मी पूजा केली. मी एरवी या गोष्टींत फारशी पडत नाही. तुमच्या बाबांना विचारा, त्याच्या स्कूटरला मी लिंबू-मिरची लावू दिली नव्हती. पण ट्रॅक्टर आला तर पुजतात, शिवणयंत्र आलं तर पुजतात, मग याला नाही हा अन्याय झाला असता. ओलं कुंकू घेऊन मी प्रत्येक वस्तूवर स्वस्तिक काढलं. कुणालाही वगळलं नाही. स्क्रीनच्या पाठीवर, कॅबिनेटच्या काचेवर, खुर्चीच्या पांढऱ्या पाठीवर चांगलं तळहाताएवढं. माउसवरचं काढताना कुंकू त्याच्या चाकात गेलं. मग नारळ फोडला, ताईने मला नमस्कार केला, आत्याने फोटो काढला. तोच फोटो ती पाहुण्यांना दाखवते.

रविवार आला. मी मुद्दाम साताऱ्याला परतले नव्हते. ताई त्या सिंहासनावर बसली, पंख्यांमधून इंद्रधनुष्य फिरायला लागलं, आणि स्पीकरमधून तुमचे आवाज आले. मी पलीकडे भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. तुम्ही दोघं एरवी आपसात इंग्रजी बोलता, पण त्या खेळात घाबरलात की मराठीत ओरडता, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. "मागे बघ, मागे, मागे," "अगं पळ ना." शेंगा हातात तशाच राहिल्या.

पण थोड्या वेळाने एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं. "ताई, तू परत दरीत?" आणि ताई म्हणायची, "नेट स्लो आहे गं इकडे." पुन्हा पेटी उचलायची, पुन्हा ताई दरीत, पुन्हा नेट स्लो. शेवटी थोरली म्हणाली, आणि अगदी मायेने म्हणाली, "ताई, पुढच्या रविवारी माझी मैत्रीण खेळू दे का तुझ्या जागी? तुमचं नेट नीट झालं की तू ये." ताई म्हणाली, हो, चालेल की. ती मला पाठमोरी होती. मोठ्या खुर्चीत ती फारच लहान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी नेटवाल्याला फोन लावला. लावला म्हणजे त्याला झापलं. आमच्याकडून महिन्याचे पैसे वेळेवर घेता आणि माझी नात दरीत पडते, असं काहीतरी मी त्याला म्हटल्याचं आत्या सांगते. तो बिचारा डबा खाऊन होण्याआधीच आला, भिंतीवरचं नेटचं यंत्र तपासलं, मोबाइलवर कसला तरी काटा फिरवून दाखवला. म्हणाला, "काकू, नेट येकदम ओके हाय. ह्या गल्लीत सगळ्यात फास्ट तुमचंच हाय." मी त्याला पुन्हा तपासायला लावलं. त्याने पुन्हा तपासलं. मग त्याला चहा दिला, कारण दुसरं काय देणार.

तो गेल्यावर मी ताईला समोर बसवलं. नेट चांगलं आहे, मग तू पडतेस कशी?

बराच वेळ तिने खुर्चीचा दांडा वरखाली केला. मग म्हणाली, "चित्र अडकतं आजी. मी उडी मारते, आणि मारल्याचं दिसेपर्यंत पडलेली असते. कार्ड लहान आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू स्वस्तिक काढलंस ना," ती म्हणाली. "मग काय सांगणार?"

अरुंद पुलाचं उदाहरण वर्गात इतकी वर्षं देणारी बाई मी. तो पूल मीच स्वतःच्या पैशांनी बांधून घेतला होता आणि वर कुंकू लावलं होतं. सगळ्यांना सारखं दिलं आणि ज्याच्यावर सगळ्यांचं ओझं पडणार त्याच्या हातात एक फोड ठेवली. प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलेला, स्क्रीन नुसताच ऐटबाज, आणि मुलगी दरीत.

रविवारपर्यंत वेळ होता. आम्ही सगळं पुन्हा खोक्यांत भरलं आणि रिक्षाने दुकानात गेलो; खुर्ची दुसऱ्या रिक्षात, एकटी, ऐसपैस. दुकानदाराने चहा सांगितला. स्क्रीन परत घेतो म्हणाला, रंगीत कीबोर्ड घेतो, कॅबिनेट बदलून साधं देतो. पाठीमागची स्वस्तिकं त्याने बोळ्याने पुसून टाकली. मग त्याने खुर्ची फिरवली.

"मॅडम, ह्ये काय?"

"स्वस्तिक."

"ते दिसतंय. जातंय का?"

त्याने कसलंसं औषध लावून घासलं. स्वस्तिक गेलं आणि त्याच्या जागी गुलाबी ढग आला. तो दोन पावलं मागे जाऊन बघत म्हणाला, आता तर ह्याला कुणीच घेणार न्हाई, आधी निदान देवाचं काहीतरी होतं. आणि खुर्ची परत न घेता कार्डाचं जमत नव्हतं. नेमकी तेवढीच भर कमी पडत होती. आत्या म्हणाली मी घालते. मी नको म्हटलं. त्यात माझा अभिमान किती आणि नियम किती, हे मला आजही सांगता येणार नाही. खुर्चीसकट आम्ही घरी आलो. त्या दिवशी मी जेवले नाही, असं आत्या सांगते. जेवले होते, पोळी नको म्हटलं होतं.

उंब्रजच्या आजी, म्हणजे ताईच्या बाबांच्या आई, माझ्या विहीणबाई, त्याच आठवड्यात सांगलीला दात दाखवायला आल्या, पुतण्याच्या पिकअपमधून. तुम्ही त्यांना एकदाच भेटलाय. उसाचं शेत स्वतः उभं राहून बघतात, आणि मला टोमणा मारण्याची संधी गेल्या वीस वर्षांत त्यांनी सोडलेली नाही. कधी कधी मीही सोडलेली नाही. आत्याने त्यांना सगळी हकिगत सांगितली, फोटोसह.

त्या गालावर हात धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या नातीला बसायला सिंव्हासन, आन् खेळायला काय न्हाई. इंग्रजी शाळंत असंच शिकवत्यात व्हय, बाई?"

मी म्हटलं, हो, तिसरीला असतं.

मग बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्या त्या खुर्चीत बसल्या. ताईने खालचा दांडा ओढला. खुर्ची हळूहळू मागे गेली, पाय वर आले, आणि विहीणबाई आडव्या झाल्या. आम्हाला वाटलं आता रागावतील. त्यांनी डोळे मिटले. दाताचं दुखणं असूनही चेहरा सैल झाला. 

"कंबरंला लय ग्वाड लागतंय," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "केवढ्याला पडली?"

मी किंमत सांगितली. मग पाठीवरचा गुलाबी डागही दाखवला, लपवला नाही. त्यावर त्यांनी डोळे उघडले.

"कुंकू लावून पुजलेली वस्तू तुमी दुकानात टाकायला न्हेली व्हती? ती म्या न्हेते उंब्रजला. आन् फुकट न्हाई न्हेणार. विहिणीचं फुकट घिऊन कुणाचं भलं झालंय?"

मी फुकटच न्या म्हणायला लागले होते, पण आत्याने माझा हात दाबला. खुर्ची पिकअपमध्ये चढली. जाताना विहीणबाई पुढे पुतण्याशेजारी न बसता मागे खुर्चीतच बसते म्हणाल्या. मोठ्या मुश्किलीने त्यांना पुढे बसवलं. पुढे कळलं की आता ती त्यांच्या ओसरीत आहे आणि तोडणीची माणसं आली की त्या तिथूनच हिशेब विचारतात. गावातल्या दोन बायकांनी माझ्याकडे निरोप पाठवला होता, तसली खुर्ची पुन्हा कधी वाया जाणार असेल तर कळवा.

खुर्चीच्या त्या पैशांत कार्ड आलं. हे मात्र खरंच दोन विटांएवढं होतं. साध्या काळ्या कॅबिनेटमध्ये ते सगळी जागा अडवून बसलं, आणि बाकीचे भाग त्याच्या बाजूने अंग चोरून. पडदा म्हणून जुना टीव्ही लावला, ज्याच्या एका कोपऱ्यात हिरवट छटा आहे. बसायला जेवणाच्या टेबलाची खुर्ची, त्यावर माझी गोधडी चौघडी करून. मला ते बघवत नव्हतं. हात शिवशिवत होते. निदान कीबोर्ड तरी बरा घेऊ, असं मी म्हणून गेले. ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. कुंकवाचा करंडा मी देवघरातच राहू दिला.

रविवारी तिने आधी थोरलीला मेसेज केला, मैत्रिणीला थांबायला सांगतेस का, एकदा बघू. तो मेसेज लिहायला तिला केवढा वेळ लागला हे मी बघितलंय, म्हणून तुम्हाला सांगते. थोरलीने लगेच हो म्हटलं. मग पेटी उचलली गेली, डोंगर सुरू झाला, आणि मी शेंगा घेऊन बसले नाही. काही सोलायला घेतलं असतं तर बोटं सोलली असती. पहिल्या दरीवर ताईने उडी मारली आणि ती पलीकडे होती. मला चटकन कळलंच नाही. धाकटा ओरडला, "ताई आली, ताई आली, चल उचल." पुढच्या दरीत तो स्वतः पडला आणि थोरली आणि ताई इतक्या हसल्या की आत्या आतून बघायला आली.

तेव्हा धाकट्या, तुझ्या ताईने दिलेला सल्ला बरोबर आहे. मी सांगेन त्याच्या उलट कर. तुझ्या बाबांची रक्कम सारखी वाटू नकोस. ज्याच्यावर भार पडणार आहे त्याला जास्त दे, आणि बाकीच्यांनी रुसायचं असेल तर रुसू दे. आंब्याच्या फोडी मात्र मी सारख्याच करणार आहे, त्यात तुला काही बोलायला जागा नाही. आणि तुझा कॉम्प्युटर आला की त्याच्यावर काही काढू नकोस. नारळ फोड, तेवढा पुरे.

ताई आता बारावीला आहे. पंखे आवाज करतात, टीव्हीचा हिरवट कोपरा वाढलाय, आणि कार्डावर धूळ बसली की ती स्वतः मऊ ब्रशने काढते, मला हात लावू देत नाही. कॉम्प्युटर चालतो. दर रविवारी संध्याकाळी तुम्ही तिघं खेळता, घाबरलात की मराठीत ओरडता, आणि तिसरी जागा ताईची आहे.